जोडाक्षराचा दर

अक्षरामागे आठ आणे, तेव्हाचा भाव.
काना, मात्रा, वेलांटी फुकट.
जोडाक्षर एक धरायचं की दोन
यावर साखर पेठेत एका किराणावाल्याशी
दोन कप चहा संपेपर्यंत भांडलोय मी.
दीडवर तुटलं.

घरात तेलुगू. बाप जेकार्डच्या मागावर,
आई विड्या वळायची, हजाराचा हिशेब बोटांच्या पेरांवर.
मराठी मला आधी दिसली, कळली नंतर.
क म्हणजे मधे दांडा, डावीकडे पोट, उजवीकडे शेपूट.
ळ म्हणजे कुणीतरी विसरून गेलेला चष्मा.

दस्तगीर उस्ताद म्हणायचे,
श्वास सोडताना रेघ ओढ, घेताना नको.
आणि शिरोरेषा शेवटी.
आधीच छप्पर घातलंस तर
आतली माणसं गुदमरतील.

मे महिन्यात पत्रा असा तापतो
की रंग ब्रशवरच साय धरतो.
म्हणून मिलचा पहिला भोंगा झाला की शिडी लावायची,
दहाच्या आत उतरायचं.
भोंगा कायमचा बंद झाला त्या आठवड्यात
दोन दिवस उशिरा उठलो.
तिसऱ्या दिवशी जाग आली आपोआप,
आणि कशानं आली ते कळेना,
म्हणून तसाच अंथरुणात बसून राहिलो.

या गावात निम्म्या पाट्यांवर सिद्धेश्वर.
रसवंती, पंक्चर, टॉवेल, मसाला कांडप,
सगळ्यांचा मालक तोच.
बावीस वर्षं मी लिहीत आलो: सिध्देश्वर.
उस्तादांचा हात तसा, म्हणून माझा तसा.
एका दुपारी शिडीखाली हत्तुरे बाई थांबल्या.
छत्री मिटली.
'मल्लेशम, आधी द.
ध त्याच्या कुशीत येतो, पुढे नाही.'
उतरलो. छत्रीच्या टोकानं
त्यांनी धुळीत काढून दाखवलं.
एक रिक्षा त्यावरून गेली.
त्यांनी परत काढलं.

रात्री मोजत बसलो, गल्ली गल्ली आठवत.
बत्तीस.
मग महिनाभर पहाटे पदरच्या रंगानं
कुणाला न विचारता
चोर घर फोडतो तसं एकेक अक्षर फोडलं,
जोडलं, सावली दिली, पळालो.
एकतीस झाली.

बत्तिसावा लालासाहेब नदाफ, गादी कारखाना.
दुकानातच झोपायचा, पिंजलेल्या ढिगावर.
शिडीच्या आवाजानं बाहेर आला,
भुवयांना कापूस.
सांगितलं काय ते.
बराच वेळ वर बघत राहिला.
'या चुकलेल्यानं माझ्या तीन पोरी उजवल्या.
बरोबरवाला काय देतो, मला ठाऊक नाही.
उतर.'
उतरलो. चहा त्यानंच पाजला.

मग फ्लेक्स आले.
माझे एकतीस सिद्धेश्वर
कुणी पत्र्यासकट भंगारात घातले,
कुणी त्यांच्यावरच वाढदिवसाचे हसरे चेहरे ठोकले.
पत्रा उलटा करून एकानं
म्हशीच्या गोठ्याला भिंत केली;
आतल्या बाजूनं र तेवढा दिसतो.

मागल्या महिन्यात नदाफचा नातू घरी आला.
पाटी फिकी पडलीय, म्हणाला,
तशीच्या तशी ओढून द्या, आजोबांची आहे.
आता उजवा हात थरथरतो.
काठीला चिंधीचा बोळा बांधून
त्यावर मनगट टेकवलं,
श्री झालं, सि झालं.
आणि तिथं आल्यावर
मी एकदा खाली रस्त्याकडं पाहिलं.
छत्री नव्हती कुणाची.

श्वास सोडला.
आधी ध, अर्धा. मग द, त्यावर मात्रा.
सावली पूर्वी होती तशी, उजवीकडं.

पोरगं विचारत होतं, किती झाले?
अक्षरं मोजली.
म्हटलं, त्या एकाचे धरू नको.
ते हिशेब सोडून परत म्हणालं,
कुठल्या एकाचे?
मी ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला
आणि शिरोरेषा ओढायची राहिलीय
असं म्हणून पुन्हा वर चढलो.